जगावरील संकटे आणि आमचे शिवार

श्रावणी सोमवारी सायंपूजेनंतर देवळाच्या मंडपात जो छोटासा अभ्यासवर्ग भरतो, त्यात गेल्या वर्षी एका वयोवृद्ध शेतकरी गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न केला. वर्ग चालला होता जगातील वाढत्या उष्म्याविषयी. वर्तमानपत्रांतील कात्रणे आम्ही वाचून दाखवीत होतो, आणि खरे सांगावयाचे तर आमचे वाचन आमचे आम्हांसच मोठे विद्वत्तापूर्ण वाटू लागले होते. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले ते गृहस्थ म्हणाले, "बाळ, जग बुडाय लागलंय म्हणतोस. असंल. पण फुडल्या मिरगाला आम्ही भात पेरायचं का न्हाई, तेवढं सांग की." मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु घरी परतताना तो प्रश्न आमच्या पाठोपाठ आला आणि अद्याप गेलेला नाही. उत्तर त्या दिवशी देता आले नाही. येथे देण्याचा यत्न करीत आहोत. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

प्रथम संकटाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. थंडीच्या दिवसांत आपण वाकळ पांघरतो, तेव्हा वाकळ स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. पृथ्वीभोवतालच्या हवेतील कर्बद्विप्राणिल वायू, ज्यास आता कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो नेमके हेच काम करतो. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्याचे नित्य मोजमाप सुरू झाले, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळल्याने, तसेच अरण्ये तोडल्याने ही वाकळ दिवसेंदिवस जाड होत चालली आहे. २०२४ हे वर्ष मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले.

दीड अंश म्हणजे काय मोठेसे, असे कोणास वाटेल. आम्हांसही वाटले होते. परंतु हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि हे बाष्प जेव्हा खाली येते तेव्हा ते पूर्वीच्या रीतीने सावकाश येत नाही, एकदम कोसळते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. एकूण पाऊस मात्र त्या मानाने वाढलेला नाही. म्हणजे पावसाची बेरीज तीच, पण हप्ते बिघडले. ज्याने सावकाराचे व्याज भरले आहे त्यास हप्ते बिघडणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या भागात याची साक्ष शोधण्यास दूर जावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांवर महापुराचा जो घाला पडला, तो आपण सर्वांनी पाहिला. निपाणीजवळ यमगर्णीस वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, कोल्हापूरजवळ शिरोलीस पंचगंगेने तोच मार्ग गिळला, आणि पुण्या-बेंगळूरची वाहतूक कित्येक दिवस अडून राहिली. या घटनेस पुरती चार वर्षे होतात न होतात, तोच २०२३ साली पावसाने असा ओढा दिला की कर्नाटक शासनाला राज्यातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर करावे लागले. त्या जूनमध्ये राकसकोप जलाशयाचा तळ दिसू लागला, तेव्हा बेळगाव शहरात लोक नळाकडे डोळे लावून बसले होते. आमच्या घरामागील आडास आम्ही जन्मापासून कोरडा कधी पाहिला नव्हता. त्या महिन्यात देवाच्या अभिषेकाचे पाणी वडिलांनी शेजारच्या शिवारातील कूपनलिकेवरून घागरीने आणले. एकाच पिढीने, एकाच उंबऱ्यावर उभे राहून, पुराचे आणि कोरडेपणाचे असे दोन्ही टोकांचे दर्शन घ्यावे, हा योग काही सुखाचा नव्हे.

आता आपल्या गावाकडे वळू. येळ्ळूर हे बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याकडील उतारावर वसलेले गाव. गडावर सिद्धेश्वराचे देवालय, गावात चांगळेश्वरीचे. गडाच्या तटावर पावसाळ्यात उभे राहिले म्हणजे खाली येळ्ळूर, धामणे, अनगोळ, वडगाव, शहापूर अशी शिवारे एकास एक लागून हिरव्या चादरीप्रमाणे पसरलेली दिसतात. बेळगावी बासमती म्हणून जो सुवासिक तांदूळ नावाजला गेला, तो या मातीतला. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. जाणती माणसे सांगतात की पूर्वी एका घरी बासमतीचा भात शिजला तर आळीस कळत असे. आता बहुतेक खाचरांत इंद्रायणी व अन्य वाण दिसतात. उंच वाढणारे बासमतीचे पीक परतीच्या धुवाधार पावसात आडवे पडते, उतारा कमी, आणि धोका पत्करून वास कोण पिकविणार, असा शेतकऱ्याचा हिशेब आहे. तो हिशेब चुकीचा आहे असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या घरी भात येतो तो दुसऱ्याच्या घामाचा.

या शिवारांतून बळ्ळारी नाला वाहतो. वरच्या उतारांचे पाणी घेऊन तो शहराच्या कडेने जातो, वाटेत शहराचे सांडपाणी पोटात घेतो, आणि पुढे मार्कंडेय नदीस मिळतो. मार्कंडेय घटप्रभेस, घटप्रभा कृष्णेस, आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. म्हणजे आपल्या दारातील पन्हाळीचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. इकडे खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेस गोव्याच्या वाटेने निघते. नाल्यात गाळ, जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांनी मार्ग अडला की मोठ्या पावसात पाणी मागे फुगते आणि नुकती लावलेली रोपे आठ-आठ दिवस पाण्याखाली कुजतात. २०१९ व २०२१ च्या पावसाळ्यांत हे पुन्हा घडले. पाऊस जगाच्या पापाने वाढला असेल, परंतु नाला आम्ही सर्वांनी मिळून बुजविला, हे कबूल केले पाहिजे. येथे देवळाचाही वाटा आहे. आम्ही लहान असताना निर्माल्याची परडी ओढ्यात रिकामी करण्याचे काम आमच्याकडे असे. फुले, बेल, दूर्वा हे कुजून माती होते. परंतु पुढे पुढे त्याबरोबर हारांचा दोरा, चमकीचे कागद, अगरबत्तीची वेष्टने आणि पिशव्याही जाऊ लागल्या, आणि 'देवाचे आहे' म्हणून कोणी हटकले नाही. आम्हीही स्वतःस हटकले नाही.

जमिनीवरील दुसरा घाला रस्त्याचा. हलगा ते मच्छे हा वळणरस्ता या तिबार पिकाच्या जमिनीतून नेण्याचे ठरले, तेव्हापासून येथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, आणि २०२१ च्या अखेरीस पोलीस बंदोबस्तात यंत्रे उभ्या पिकात उतरली तेव्हा त्यांपुढे उभे राहिले. रस्ते नकोत असे म्हणणारा मनुष्य मूर्ख ठरेल. आम्ही स्वतः बेळगावास त्याच वाहनांतून जातो. परंतु ज्या मातीस तयार होण्यास हजारो वर्षे लागली ती एका उन्हाळ्यात डांबराखाली गाडली जाते, आणि जिचे शेत गेले त्या घरातील तरुण उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यात पाळीवर जाऊ लागतो, तेव्हा नुसते पीक जात नाही. सुगीला एकमेकांच्या शेतावर जाण्याची जी रीत होती तीही जाते. नैसर्गिक संकट आणि सामाजिक संकट ही दोन निराळी पुस्तके आहेत असे शाळेत वाटे. शिवारात पाहिले तर ती एकाच पुस्तकाची दोन पाने निघतात.

असो. संकटाचे वर्णन करणे सोपे. वर्णनाने भय वाढते आणि भयाने माणूस हात गाळून बसतो. वृद्ध गृहस्थांनी विचारले होते ते निराळेच. पेरण्यास काही आधार आहे काय?

आमच्या मते आधार आहे, आणि तो प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींत आहे. त्यांतील पहिली गोष्ट आभाळातली. पृथ्वीच्या वर सुमारे पंधरा ते तीस किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा जो थर आहे, तो सूर्याचे दाहक किरण अडवितो. शीतकपाटे आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी काही रसायने हा थर खातात, असे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली सांगितले. रसायनांच्या व्यापाऱ्यांस अर्थातच ते रुचले नाही. १९८५ साली दक्षिण ध्रुवावर त्या थरास पडलेले भगदाड उघडकीस आले. तेव्हा १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार करून ही रसायने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. ध्यानात घेण्याजोगा भाग पुढे आहे. गरीब राष्ट्रे म्हणाली, पाप तुमचे, प्रायश्चित्त आम्ही कां घ्यावे? हे म्हणणे रास्त मानले गेले. त्यांस दहा वर्षांची अधिक सवलत मिळाली, आणि १९९० साली खर्चासाठी निधी उभा राहिला. १९९२ साली भारत करारात सामील झाला. आज जगातील झाडून सारी राष्ट्रे त्यात आहेत. २०२३ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, हाच क्रम चालू राहिल्यास जगाच्या बहुतेक भागांवरील थर सुमारे २०४० पर्यंत, आणि दक्षिण ध्रुवावरील सुमारे २०६६ पर्यंत, १९८० च्या स्थितीस येईल. आमच्या पिढीच्या हयातीत आभाळ सांधले जाईल, ही लहान वार्ता नव्हे. तिची चर्चा इतकी थोडी कां होते, याचे आम्हांस नवल वाटते.

दुसरी गोष्ट जमिनीवरची. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारची स्तुती ऐकून पुष्कळांचे कान किटले असतील. आमचेही किटले होते. भाषणांत सांगतात ते तेथील हिरवेपण. परंतु त्या गावाने काय सोडले, हे कोणी सांगत नाही. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते पर्जन्यछायेतील, कसेबसे चारशे मिलिमीटर पावसाचे, पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या माणसांचे गाव होते. गावाने चर खणले, बांध घातले, झाडे लावली, हे खरे. पण त्याहून कठीण गोष्टी त्यांनी केल्या. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, कुऱ्हाड चालवावयाची नाही, मोकाट गुरे सोडावयाची नाहीत, ऊस व केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, असे ठरविले आणि पाळले. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावयाचा, आणि पाऊस कमी असेल त्या साली पिके त्या मानाने बदलावयाची. गेलेली कुटुंबे पुढे परत आली. ज्याच्या जमिनीखाली पाणी आहे त्याने ते उपसू नये, हे सांगणे ग्रामसभेत किती जड गेले असेल याची कल्पना ज्याने गावातील सभा पाहिली आहे त्यास येईल.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे एक सूत्र हाती लागते. दोन्ही ठिकाणी लोकांनी स्वतःस मर्यादा घालून घेतली, ती सर्वांस सारखी लागू केली, आणि दुबळ्यास सांभाळून घेतले. हवेतील वाकळीच्या बाबतीत नेमके हेच अद्याप साधलेले नाही. २०१५ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी तापमानवाढ दोन अंशांच्या पुष्कळ खाली ठेवण्याचे आणि दीड अंशावर रोखण्याचा यत्न करण्याचे मान्य केले; परंतु कोणी किती सोडावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले. भारतीय माणसामागे हवेत जाणारा हा वायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, तर अमेरिकन माणसामागे आपल्या सहापटीहून अधिक. तेव्हा आपली तक्रार खरी आहे. मात्र खऱ्या तक्रारीच्या सावलीत बसून आपले दोष झाकण्याची सवय लागू नये. पाणी भरून ठेवलेल्या भातखाचरातूनही मिथेन नावाचा उष्णता धरणारा वायू निघतो. पाणी अधूनमधून आटू दिले तर तो कमी होतो आणि पाणीही वाचते, असे शेतीतज्ज्ञ सांगतात. हे आपल्या हातातले आहे.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांस एकत्र बसण्याविषयी बोलणे थोडे अवघडच वाटते. येथे पाटीवरील अक्षरांवरून डोकी फुटलेली आहेत. तरीही एक नोंद करून ठेवतो. २०१९ च्या पुरात अलमट्टी धरणावरून दोन राज्यांनी एकमेकांस दोष दिले. २०२१ च्या जूनमध्ये दोहोंकडील मंत्री एका टेबलाशी बसले आणि धरणांतून पाणी सोडण्याची माहिती वेळेवर देण्याघेण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात पूर आला तो आलाच. तथापि बैठक व्यर्थ होती असे आम्ही म्हणणार नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ही आपल्या बेळगावची. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविले ते आयुष्यात याच एका अधिवेशनाचे. व्यवस्था गंगाधरराव देशपांडे यांची. हजारोंच्या जनसमुदायास पाणी कोठून द्यावे, म्हणून तेथे एक मोठी विहीर खणली गेली. तिला पंपा सरोवर म्हणत, आज ती काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. नळ आल्यावर विहिरीकडे पाठ फिरली. पुढे शहरास टंचाईचे चटके बसले, तेव्हा तिचा गाळ काढून तिला पुन्हा कामास लावण्यात आले. जुनी विहीर कधीही मेलेली नसते, बुजलेली असते, हे वडील नेहमी म्हणतात.

परंतु आम्हांस त्या अधिवेशनातील विहिरीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तेथील स्वच्छतेची व्यवस्था काका कालेलकरांकडे होती आणि मैला उचलण्याच्या कामात ब्राह्मण स्वयंसेवकही उतरले होते. शंभर वर्षांपूर्वी, बेळगावात! तेव्हापासून आपण किती पुढे आलो? हाताने मैला वाहून नेण्याच्या कामास माणसे लावण्यास २०१३ च्या कायद्याने पुनश्च बंदी केली, तरी गटारात उतरून माणसे मरतात, आणि कोणत्या आळीतील माणूस उतरणार हे उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. घाण सर्वांनी करावी आणि काढावी एकाने, ही व्यवस्था जोवर चालू आहे तोवर घाण करणाऱ्यास ती दिसणारच नाही. कोळशाचा धूर आणि नाल्यातील गाळ यांत या बाबतीत आम्हांस अंतर वाटत नाही.

म्हणून गेल्या वैशाखात, धूळवाफ पेरणीच्या आधी, काही तरुणांनी शिवारालगतचा ओढा साफ करण्याचे ठरविले तेव्हा आम्हीही जाण्याचे मनात आणले. मनात आणणे सोपे होते. पण आमच्या घरी पूजा आहे, सोवळे आहे, आणि सायंकाळच्या आरतीची पाळी त्या आठवड्यात आमची होती. वडिलांस विचारण्यास आम्हांस दोन दिवस लागले. वडिलांनी ऐकून घेतले, होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही, आणि पंचांग पाहू लागले. दुसरे दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा ते ओसरीवरच बसून होते.

ओढ्यात गुडघाभर गाळ होता. बाराएक जण होतो, निरनिराळ्या आळींतले. त्यांतील काहींबरोबर एका पंक्तीस बसण्याचा प्रसंग आमच्या आजोबांवर कधी आला नसता. पहिल्या तासात आम्ही जलपर्णी ओढून काढली. त्यानंतर खालून जे निघू लागले ते पाहून बोलणे थांबले. पिशव्या, बाटल्या, फाटकी पादत्राणे, खतांची रिकामी पोती. आणि मग एका ठिकाणी दोऱ्यांचा मोठा गुंता, हातभर लांब, काळा पडलेला. हारांचे दोरे होते ते. फुले केव्हाच गेली होती. कोणी काही बोलले नाही. आम्ही तो गुंता स्वतः उचलून बुट्टीत घातला. दुपारी बांधावर एक गृहस्थ खोरे घेऊन आले, धोतर वर खोचले आणि सरळ पाण्यात उतरले. अभ्यासवर्गात प्रश्न विचारणारे तेच. त्यांच्या खाचराचा बांध तेथून जवळच आहे. आम्ही त्यांस म्हटले, "मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहून व्हायचं आहे." ते म्हणाले, "लिही सावकाश. बियाणं आणलंय मी."

पुढे जे ठरले ते एवढेच: निर्माल्यासाठी देवळामागे खड्डा खणावा, दोरा व कागद वेगळे काढूनच फुले त्यात टाकावीत, आणि दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस प्रत्येक घरातून एका माणसाने ओढ्यावर यावे. घर कोणतेही असो. खड्डा खणून झाला आहे. घराघरांतून माणसे येतील किंवा कसे, ते येत्या वैशाखात कळेल. पहिल्या यादीत बारा नावे आहेत, आणि जी यावयास हवीत ती काही अद्याप आलेली नाहीत.

त्या दिवशी सायंकाळी घरी परतलो तो अंगास वास येत होता. परसात वडिलांनी बंब पेटवून ठेवला होता आणि दगडावर नवे वस्त्र घडी करून ठेवले होते. "न्हाऊन ये," एवढेच ते म्हणाले, "थांबतो मी." आरतीस त्या दिवशी तासभर उशीर झाला.